गुडघ्यांचे कान

हूराच्या त्या हॉटेलात, मागच्या जिन्याने,
जिथून बर्फाच्या गोण्या आणि कांदे वर जातात,
इलीसिओने दुसरी पेटी आणवली.
दोन सिल्हेटची पोरं, मधोमध ती, काळी,
कोपऱ्यांचे पत्रे उडालेली,
रिफातून कायमच्या निघालेल्या एका गोऱ्याकडून
पंचावन्न दिनारला, वायर वेगळी.

"जोड, पात्राव," म्हणाला.
"आज बेस्तरवार. पूल ओलांडून गर्दी येणार.
माका डबल आवाज पायजे."

मी राजापूरचा. दिवसा एसी,
रात्री कुणाचा अँप, कुणाचा मिक्सर.
स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून सांगितलं त्याला:
आठ ओहमशेजारी आठ ओहम, झाले चार.
वाट रुंद झाली, करंट जास्त वाहील,
अँप तापेलही जास्त.
तिसरी पेटी जोडायची नाही. जळेल.
तो वास मी खालच्या पार्किंगमधून ओळखतो.
आवाज वाढेल,
पण डबल नाही.
कान फार चिक्कू असतो, इलीसिओ.
दुप्पट मिळालं असं त्याने म्हणावं
तर दहापट ओतावं लागतं.

तो गप्प. मीही.
अवधूतला इकडे बोलावून घेतलं तेव्हा
बाबांनी वहीत दोनदा आकडा लिहिला होता.
मग त्याचा व्हिसा, त्याचं कर्ज, त्याचा दात.
घराचा स्लॅब पडला.
गिलावा राहिलाय.

वाजवून बघितलं. खालचे सूर जाड झाले,
बारवरचे ग्लास एकमेकांना लागून कुजबुजले,
माझ्या पोटात काहीतरी हललं.
मारिसेल लिपस्टिक लावता लावता थांबली.
आणि इलीसिओ, पेटीसमोर एका पावलावर उभा,
मान हलवतो: ना. अजून ना.

तेवढ्यात माझा स्क्रू घरंगळला.
त्याच्यामागे गालिच्यावर रांगत गेलो
आणि पेटीच्या तोंडासमोर आलो मात्र,
आई गं,
तार कानातून आरपार!
सगळं इथेच होतं. इतकी वर्षं
हा माणूस आपल्या गुडघ्यांना गिटार ऐकवत होता.

बीअरचा रिकामा क्रेट ओढला,
जुन्या पेटीला त्यावर पाठ टेकवून
तिरकं बसवलं, तोंड वर,
आकाशाकडे बघणाऱ्या पोरासारखं.
दुसरीची वायर काढून टाकली.
"आता वाजव."

एकच कॉर्ड. तो मागे सरला,
हात कानावर.
"पात्राव," म्हणाला, "उणो कर. उणो कर मरे."

पंचावन्न दिनारांचं त्याने नाव काढलं नाही.
रात्रभर ती दुसरी पेटी भिंतीकडे तोंड करून उभी,
आणि तिच्यावर मारिसेलची पाण्याची बाटली.

खोलीवर आलो तेव्हा तीन वाजले होते. गावी साडेपाच.
खालच्या बंकवर अवधूत, बूट घालूनच झोपलेला.
व्हिडिओ लावला. बाबा नेहमीप्रमाणे
फोन छातीशी आडवा धरून ओरडतायत,
ऐकायला येत नाय रे, मोठ्यान् बोल.
पडद्यावर नुसतं छत,
सिमेंट उघडं, फळ्यांचे ठसे तसेच.

किती मोठ्याने बोलणार. भाऊ झोपलाय.
"वर घ्या," म्हटलं, हळूच,
"बाबा, फोन जरा वर.
अजून थोडा.
कानाशी."