जळणार नाही असा दोरा

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या रांगेत
आमची लाँड्री आहे. पाटी नाही.
टेम्पो येतात, गाठोडी टाकून जातात.
धुणारे धुतात.
मी उसवलेलं शिवते.

कपडा साधा नव्हे. जड, जरा रुसलेला,
पहिली दहा धुणी अंगाचं ऐकत नाही.
त्याला ब्लीच चालत नाही,
मऊ करणारं ते वासाचं निळं पाणीही नाही.
वास छान येतो
आणि कापड आपलं काम विसरतं.

दोरा वेगळा येतो. रीळ कुलपात.
मी नवी होते तेव्हा एकदा दोरा संपला,
डब्यातला साधा पॉलिस्टरचा लावला.
रंग अगदी जुळला होता.
परुळेकरांनी काही न बोलता
त्या शिवणीला लायटर लावला.
कापड काळं पडलं आणि थांबलं.
दोरा मात्र वितळत धावला
मनगटापासून काखेपर्यंत,
बाही उकलून माझ्या मांडीवर पडली.
"आता यात माणूस घाल," ते म्हणाले.
मग जरा वेळानं, रीळ देताना,
"हे कापड आग विझवत नाही गं.
पळायला वेळ देतं."
किती?
त्यांनी चुटक्या वाजवल्या. चार.

त्या माणसांना मी पाहिलेलं नाही.
सतरा नंबर डावखुरा आहे, डावी बाही आधी विरते.
बेचाळीसच्या खिशात बडीशेप.
एकोणतीस आपलं बटण आपणच लावून पाठवतो,
असले टाके, की मी ते काढते आणि पुन्हा लावते,
त्याला हे ठाऊक नसावं.
आणि सहा नंबर.
त्याच्या चेनचे वरचे चार बोटं दात
अजून दुकानातल्यासारखे चकचकीत.
म्हणजे हा गळा उघडा टाकून भट्टीपुढे उभा राहतो.
मे महिन्यात कोण ओढेल चेन, तेही खरंच.
तरी मी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली:
गळ्यापर्यंत लावा.
पुढच्या गाठोड्यात चिठ्ठीचा लगदा आला.
मी दुसरी लिहिली. तिचाही लगदा.
तिसरी आली नाही.

फेब्रुवारीत सहा नंबर आला
तो गाठोड्यातून नाही, वेगळ्या पिशवीतून.
छातीवर ताटाएवढा काळा डाग,
बोट लावलं तर कोळशासारखा चुरा.
मी आधी चेन पाहिली.
वरपर्यंत होती.
उलटा करून आतून पाहिला,
आत जसाच्या तसा, घामाचा पिवळेपणासुद्धा.
"भोईर ना? घरी आहे, जेवतो," टेम्पोवाला म्हणाला.
मी हसले असेन.
"त्याच्या बाजूचा पोरगा ऐरोलीला आहे.
ठेक्यावरचा. टेरिकॉटचा शर्ट होता.
निघता निघेना म्हणे अंगावरनं."
त्याचा नंबर काय?
"ठेक्यावाल्यांना कुठला नंबर."
नाव?
त्यानं आठवून पाहिलं. "बिभूती का कायतरी.
ओडिशाकडचा."

चाळीस सूट येतात त्या कंपनीचे.
फाटकातून आत माणसं किती जातात,
मी परुळेकरांना विचारलं.
ते रीळ मोजत राहिले.
दोन रीळ होते.

मार्चमध्ये अकरा नवे आले, कोरे, कडक,
उभे केले तर उभे राहतील असे.
ठेक्यावरच्या तीस जणांसाठी.
"पाळीपाळीनं घालतील," टेम्पोवाला म्हणाला,
"नंबर नको टाकू. ते कुणाचेच नाहीत."

आता त्यांच्यावर डागावर डाग येतात,
तीन तीन माणसांचे एकाच काखेत.
बाह्या कुणाला लांब, कुणाला आखूड,
दुमडल्याच्या खुणा वेगवेगळ्या उंचीवर.
डावखुरा कोण, बडीशेप कुणाची,
मला काही वाचता येत नाही.
चिठ्ठी तरी कुणाला लिहू,
आणि कुठल्या लिपीत.

मी आपली अकराही चेनी
गळ्यापर्यंत ओढते
आणि मगच घडी घालते.