दहा वीसची बस

सात वर्षं मी त्याच्या नावापुढे
एकच शब्द लिहीत आले : उदासीन.
कुमागाई तोकुजी, वय सदुसष्ट, लाकूडतोड्या,
अकिताच्या डोंगरातली शेवटची वाडी.

लिफाफे मात्र आम्ही दरवर्षी बदलले.
टोकियोहून सूचना यायची : रंग ठसठशीत हवा.
मग पिवळा, मग नारिंगी,
एके वर्षी हसरं काळीज छापलं वर.
आकडा ढिम्म. शंभरातले एकतीस.

मार्चअखेर बर्फ खचायला लागलं
तशी मीच निघाले विचारायला.

म्हातारा करवतीला धार लावत होता.
"आलो होतो की," म्हणाला, मान वर न करता,
"पहिल्याच वर्षी. लिहिलं होतंत तसा, उपाशीपोटी.
तुमचं दार बंद."

मी म्हटलं, तपासणी आठ ते साडेनऊ असते.
तो म्हणाला, बस दहा वीसला पोचते.

पुढे नुसती कानस, खर्र खर्र.

परतीच्या बसमध्ये मी एकटी.
चौदा थांबे. चौदा वाड्या.
सगळ्यांच्या नावापुढे माझ्याच वळणदार अक्षरात
तोच शब्द, न पुसणाऱ्या शाईत.
आणि बसचं वेळापत्रक?
ते कचेरीतच होतं, माझ्या खुर्चीमागे, खिळ्याला.
त्याच खिळ्यावर मी नऊ वर्षं छत्री अडकवत होते.

वेळ बदलायची म्हणजे
प्रयोगशाळेची गाडी, तंत्रज्ञांचं जेवण,
चार शिक्के, आणि साहेबांचा एक प्रश्न :
"पण ते येतील कशावरून?"
मला उत्तर येत नव्हतं. मी शिक्के गोळा केले.

जूनमध्ये पाटी लागली : साडेदहा ते एक.
पहिल्या दिवशी बसमधून सहा जण उतरले.
सहाच.
त्यात तो, काखेत फडक्याचं गाठोडं.

कुदोबाईंनी दाब दोनदा मोजला.
एकशे ब्याऐंशी.
मी म्हटलं, मीठ कमी करायला हवं.
"हं," म्हणाला, बाही खाली ओढत.

मग बाहेर बाकावर बसून गाठोडं सोडलं :
भाताचे दोन मुटके,
धुरावर वाळवून खारवलेला मुळा.
एक मुटका, अर्धा मुळा
न बोलता माझ्याकडे सरकवला.

मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.
मुळा खारट होता. फार चांगला होता.
परतीच्या बसला अजून पाऊण तास होता.