कुसमळी कोण?

पिरनवाडी सुटली आणि गाडीच्या काचा पांढऱ्या झाल्या.
पौषातलं धुकं. ड्रायव्हर नुसता हॉर्नवर.
पेन्शनच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन
मी पाय सरळ केले,
आणि पाय आपोआप एकमेकांना समांतर झाले.

तसे ते एकदाच झाले होते, गुलमर्गच्या वर.
कोर्स संपलेला, सुट्टीचा दिवस,
पहाटे कोल्ह्याच्या पावलांवरून निघालो चौघे.
स्कीच्या तळाला चिकटवलेली केसाळ पट्टी,
पुढं सरकवली की म्हशीच्या पाठीसारखी मऊ,
मागं ओढली की अडते.
मष्णू घाडी म्हणाला, आमच्या थोरल्या काकासारखी.
तेवढंच हसलो. मग चढणीला हसायला दम उरला नाही.

शेवटी सिद्दाप्पा, बैलहोंगलचा,
दर वळणावर विचारायचा,
एवढं जोंधळ्याचं पीठ, खरं तवा कुठाय गा?

बाराला देवदार खाली राहिले.
वर नुसता उतार, आणि त्यावर
चौघांची मिळून एकच जोडरेघ.
सिद्दाप्पानं डबा काढला,
आईनं पार्सल केलेला कुंदा, अठरा दिवस वाटेत,
दगड झालेला. बर्फाच्या कुऱ्हाडीनं फोडला.
एक तुकडा उडाला, तो आम्ही गुडघ्यांवर बसून शोधला.
तोंडात आधी नुसतं लोखंड,
मग फार उशिरानं दूध.

समोरचा डोंगर होता, मग नव्हता.
स्कीची टोकंही दिसेनात.
पट्ट्या सोलून छातीशी कोटात घातल्या,
नाहीतर गोंद गोठतो.
वर कुठलं, खाली कुठलं, ते पायाला विचारायचं,
आणि पाय बधिर.

भरमाणी गुरव म्हणाला, नावं नकोत,
वाऱ्यात सगळी नावं सारखीच ऐकू येतात.
चोर्ल्याची गाडी करूया.
तो पुढं, तो किणये. मी कुसमळी.
मष्णू जांबोटी.
सिद्दाप्पा कणकुंबी, ज्यानं तो रस्ता जन्मात पाहिला नव्हता.
"कणकुंबी एल्लैती?"
गोव्याच्या आधी, म्हणालो, तू नुसतं ओरड.

दहा मोजायचे, थांबायचं, हाक.
किणये!
कुसमळी!
जांबोटी!
कणकुंबी!

एकदा जांबोटीनंतर काहीच आलं नाही.
वीस मोजले. चाळीस.
मष्णूनं गावाकडची सगळ्यात जुनी शिवी हासडली
आणि ती म्हणता म्हणता रडायला लागला.
मग बरंच खालून, आमच्याही पुढून,
"बंदे, बंदे री!"
कणकुंबी किणयेच्या आधीच पोचली होती,
बुडावर घसरत,
पोटाशी कुंद्याचा रिकामा डबा.

एकोणतीस वर्षं झाली.
सिद्दाप्पाचा फोन दिवाळीला येतो, कधी येत नाही.
मष्णू चंदगडला काजू फोडतो.
भरमाणी गेल्या मार्गशीर्षात गेला,
काविळीनं, अंथरुणावर, चांगल्या उन्हात.
भंगारात निघालेली एक स्की मी मागून आणली होती,
परसात तिच्यावर घेवड्याचा वेल चढलाय.
यंदा शेंगा बऱ्या.

किणये कधी गेलं कळलं नाही.
दाराशी कंडक्टर, पोरगा नवा, बोटांत नोटा,
"कुसमळी! कुसमळी यारु?"

"हाय की!"
माझ्याच तोंडून.
तिकीट जांबोटीचं होतं.
त्यानं शिट्टी मारली, गाडी थांबली,
अख्खी गाडी बघायला लागली, आता काय सांगणार.
उतरलो.

लाल ठिपका गेला.
खाली मलप्रभा असणार, ऐकू येत नव्हती.
पूल कुठल्या अंगाला ते पायाला विचारलं.
दहा मोजले.
थांबलो.