कच्चं

फोन मीच केला होता, नंदगडाहून.
"मावशी, आई गेली."
तीन शब्द. चौथा सापडेना, म्हणून ठेवून दिला.

तिकडं खानापुरात तानूमावशी चाकावर होती.
सुनेनं कानाला लावलेला फोन, हात मातीत.
"हं," म्हणाली.
घट पुरा केला, दोऱ्यानं कापून फळीवर ठेवला,
मग बस धरली.
आमच्या घरी आलेल्या-गेलेल्यांना चहा तिनंच दिला.
रडली नाही.

रात्री छातीवर कुणीतरी पाट्याचा दगड ठेवला.
बेळगाव येईपर्यंत अँब्युलन्समध्ये मलाच विचारत राहिली,
"तू काय तरी खाल्लीस काय गं?"

पट्टी वाकडी आली. अटॅक, म्हणाले.
मनगटातून तार घालून बघितलं तर
नळ्या घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारख्या लख्ख.

डॉक्टर हुक्केरी मराठी जपून बोलतात, पाहुण्यांच्या कपबशीसारखं.
चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं:
खाली फुगलंय, वर गळा आवळलाय.
जपानात ऑक्टोपस धरायला असलं मडकं समुद्रात सोडतात,
त्याचंच नाव या दुखण्याला.

मावशीला ऑक्टोपस ठाऊक नव्हता.
चोर्ला घाटातून मासळीचा टेम्पो येतो, त्यातलं माकूल, म्हटल्यावर
"ते होय!"
मग चित्र हातात घेऊन,
"बूड पातळ सोडलंय की.
मी असलं केलो असतो तर बा चोपण्यानं हाणला असता."

मला त्यांनी दाराबाहेर नेलं.
फुप्फुसात पाणी चढू शकतं.
ठोका वाट चुकू शकतो.
फुगवट्यात रक्त फिरत नाही, साकळतं,
त्यातली एक गुठळी सुटून मेंदूकडं निघाली तर
आणि क्वचित, फारच क्वचित, भिंतच
त्यांनी वाक्य तिथंच ठेवून दिलं.
ही ठेवून द्यायची रीत माझ्या ओळखीची.

"हळू सांगितलं असतं तर?"
ते चष्मा पुसत राहिले.
"काही जणांना आनंदानं होतं. लग्नाच्या मांडवात."
हे उत्तर होतं की नाही, अजून ठरत नाही.
आत सिस्टर मावशीच्या कपाळावर हात ठेवून म्हणत होती,
"अंजब्याड्री, अव्वा."

सात आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी.
भाजी चिरताना बोट कापलं तर
आख्खा पदर भिजायचा.
मग पुन्हा तो थंडगार जेल, तो काळा पडदा,
आणि त्यात आकार जागेवर आलेला.
परत होणार नाही, असं मात्र कुणी लिहून दिलं नाही.

"भाजलेलं मडकं परत बसत नाही," परतताना मावशी म्हणाली,
"हे बसलं. म्हंजे कच्चंच होतं की, इतकी वर्षं."
आणि हसली, छातीवर हात धरून.

त्या दुपारचा घट फळीवरच होता.
वाळलेला, बुडाशी केसाएवढी चीर.
"आव्यात नको. पाण्यात सोड."
मी बादलीत सोडला.
कडेनं माती सुटायला लागली, बुडबुडे वर आले,
तशी मावशी बादलीपाशी बसली
आणि तिनं आईला हाक मारली,
लहानपणच्या कुठल्याशा नावानं,
जे मला माहीतच नव्हतं.