शेरा

कूप नंबर नऊ. साग, येन, बिजा, धावडा.
माझ्या खांद्यावर शिक्क्याचा हातोडा,
पिशवीत गेरूचा डबा, मोजपट्टी
आणि घडीवर फाटलेला नकाशा,
ज्यात मुरमाडटोल्याच्या वरचा सगळा उतार
नुसता हिरवा आहे.
एकही निळी रेघ नाही.

रैनू पुढं साल तासत गेला,
मी मागून शिक्का मारत गेले.
दुपारपर्यंत एकशे बारा झाडं.
एकशे तेराव्यापाशी बूट ओला झाला.

पाणी म्हणावं इतकंही नव्हतं ते.
फेब्रुवारी सरत आलेला, आणि येनाच्या मुळांखालून
म्हाताऱ्या डोळ्यासारखं पाझरत होतं.
पुढं वीतभर डबकं,
मग पानांखाली गडप,
मग खाली कुठंतरी दगडावर पुन्हा ओल.

झुरीबाई पोटावी तिथं उकिडवी बसून
खेकडे शोधत होती.
दगड उचलायची, बघायची, परत ठेवायची,
होता त्याच कुशीवर, त्याच खाचेत.
"त्याच्या घराचं छप्पर हाय ते,"
मी काही विचारलंच नव्हतं.

मी आपलं सांगून टाकलं,
नाल्याच्या काठाला आम्ही हात लावत नाही.
"मंग हा काय हाय?"
नकाशात नाही, म्हटलं.
नकाशाकडे तिनं पाहिलंच नाही.
माझ्या बुटाकडे पाहिलं.

मग उठली, आणि टेकाडापलीकडे घेऊन गेली,
आठ नंबरात, गेल्या साली तोडलेल्या.
लठ्ठे ओढले होते ओहळातूनच,
आयता उतार, कोण दुसरी वाट काढतो?
ट्रॅक्टरची चाकोरी वाळून विटेसारखी,
मधे साल, भुसा, फांद्यांचा चुरा,
आणि ऊन थेट तळापर्यंत,
जिथं ते आजवर कधी गेलं नव्हतं.
"बरसातीत चहावानी आलं पानी.
बोडीत गाळ भरला. मुऱ्या मेल्या.
दिवाळी झाली, अन् संपला.
सावली नेली तं पानी कुठी बसन, बाई?"

मी खाली बघत होते.
थुंटावर नंबर होता, अर्धा उडालेला,
सातातली ती आडवी रेघ.
सात तसा मीच काढते.

परत नऊ नंबरात आलो, कोणी बोललं नाही.
मोजपट्टी पाचव्या झाडापर्यंतच पुरली.
रैनूनं बैलाचा कासरा आणला, तो काटेरी जाळीत अडकला.
शेवटी ठरलं, पावलं मोजायची,
दोन्ही काठांना चाळीस चाळीस.
"माझी नको," झुरीबाई म्हणाली, "माझी आखूड.
ह्या लंब्याची धर."
रैनू हसला, आणि टांगा जरा जास्तच फाकवत निघाला.
मी पाहिलं. बोलले नाही.

शिकवलेली झाडं निघाली एकतीस.
शिक्का पुसता येत नाही, हातोड्याला मागचं तोंड नसतं.
एकेका झाडावर गेरूची आडवी फुली मारली,
आणि वहीत एकतीस ओळी खोडल्या,
प्रत्येक खोडीवर सही. मग नवीन पान.
नाल्याचं नाव, असा रकाना आहे.

"नाव?" झुरीबाईनं ओंजळीतला खेकडा लुगड्याच्या ओच्यात टाकला.
"लांब गेलं त्याले नाव घेऊन बोलवा लागते.
हा तं इथंच राहते."

रकाना कोरा सोडला.
शेऱ्यात लिहिलं: पाणी आहे. बूट भिजला.

साहेब हे वाचून हसतील,
किंवा लाल पेनानं विचारतील, कोणत्या नकाशाप्रमाणे?
किंवा ठेकेदाराचा फोन आधीच गेलेला असेल.
मला बदलीची सवय आहे.
पण बदलीचा कागद पोचेपर्यंत
तोडणीची मुदत किती उरते,
हे मी बोटांवर मोजून ठेवलंय.

क्वार्टरवर येऊन चूल पेटवली.
बूट आतून अजून ओला आहे,
चुलीपासून मुद्दाम लांब ठेवलाय.
साहेब परवा येणार आहेत.