पाच वॅट

झिरोच्या बल्बालाही पंधरा लागतात.
माझ्या सेटला पाच.
तेवढ्यात माझा आवाज बसवायचा.

साखर पेठेतून बोललो तर
फार तर अक्कलकोट रोडच्या नाक्यापर्यंत जातो.
मध्ये भिंती, पत्रे, पाण्याच्या टाक्या,
आणि यंत्रमागांच्या मोटारी.
त्यांच्या ठिणग्या स्पीकरमध्ये
भज्यांच्या कढईसारख्या चुरचुरतात.
वीज गेली की कढई उतरते,
पण तेव्हा सगळे ओट्यावर येऊन बसतात,
रेडिओवर कोण बोलणार?

नरसय्या म्हणायचा,
"अँटेनात पैसे घालू नको बे, उंचीत घाल.
उंचीला बिल येत नाय."
नरसय्या बोम्मा. चादरींच्या नक्षीचे
जेकार्डचे पत्ते पंच करायचा.
आयुष्यभर भोकं पाडली,
आणि कुठून काय आरपार जाईल
हे त्याला बरोबर कळायचं.

म्हणून रात्री जीप काढतो.
बंपरला क्लॅम्पने आवळलेली सहा फुटी काठी,
गाडीचा पत्रा हीच तिची जमीन.
हिप्परग्याचा तलाव जातो, तामलवाडी जाते,
मग तुळजापूरचा घाट, दुसरा गिअर,
आणि माथ्यावर, ट्रकवाले जिथं रेडिएटरला
पाणी पाजतात, तिथं हँडब्रेक.
मागच्या चाकाला दगड.

इथून सोलापूर म्हणजे
आभाळाच्या बुडाशी लागलेला पिवळट डाग.
चाळीस किलोमीटर सपाट काळोख,
आडवं यायला काही नाही.
काठी तीच, सेट तोच, वॅट पाचच.

"कोण ऐकतंय का? ओव्हर."
कुत्रं भुंकलं, ते खरंखुरं, खाली दरीत.
"कोण ऐकतंय का?"

"यार्री? येल्लिंद?"

इतका स्वच्छ, की मी शेजारच्या सीटकडे बघितलं.

मल्लप्पा हुणश्याळ, मूळचा इंडीचा.
सोलापूरच्याही पलीकडे, तेरामैलाजवळ
बोअरच्या गाडीवर. रिगच्या शेंड्याला
वायरीनं अँटेना बांधलेली.
"चारशे फूट झालं. धूळच येते."
तो खाली चाललेला, मी वर आलेलो,
आणि आमची गाठ
दोन्हींच्या मधल्या हवेत.

सेट कुठला, विचारलं.
मंगळवार बाजारातला, म्हणाला, जुना.
पाठीला पत्र्याची पट्टी आहे,
खिळ्यानं टोचटोचून दोन अक्षरं काढलीत.
कन्नडसारखी गोल. पण कन्नड नव्हेत.
"वाचून बघ."
बोटानं चाचपत असावा. खरखर. मग:
"पै... कि. पैकि."

पैकी?
कशापैकी? किती जणांपैकी?
मराठी डोकं लगेच हिशेबाला बसलं.
पोरानं विकलेल्या सामानापैकी,
तेराव्यानंतर भंगारात गेलेल्या
चार सेटांपैकी,
आमच्या चौकडीत उरलेल्या एकापैकी.

मग आठवलं,
हे त्याच्या घरातलं तेलुगू.
पैकी म्हणजे वर. वरच्या बाजूला.
पत्ता मागावर उलटा चढू नये
म्हणून तो प्रत्येक गठ्ठ्यावर टोचायचा तेच.
बस, एवढंच. ही बाजू वर.

"काय अर्थ होतो? ओव्हर."
बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.
"सेट उलटा बसवलाय तू," म्हणालो,
"सरळ कर."
"हां," म्हणाला. ठोकल्याचा आवाज.
"आता?"
आवाज होता तसाच होता.
"आता बेस्ट," म्हणालो.

घाट उतरताना सेट चालूच ठेवला.
पहिल्या वळणाला तो फुटायला लागला,
दुसऱ्याला नुसता श्वास.
डोंगराच्या पायाशी डोंगराचीच सावली असते,
उन्हाची नव्हे, आवाजाची.
तिसऱ्या वळणाला गेला.
अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलं:

"पाचशेला ओल लागली तर मी तुला..."