तासाच्या दराने

ट्रॉन्हाइमच्या पोस्टात, तळघरात
न पोचलेल्या पत्रांचं टेबल माझं होतं.
एकोणीस वर्षं.
पावसानं शाई पसरलेली पाकिटं, घरमालकानं "गेले" असं खरडलेली,
एकावर तर नुसतंच: आस्लेगला, दारात भूर्ज आहे तिला.
कात्री वापरायची परवानगी फक्त मला.
पाकीट फोडायचं, पत्त्यापुरतं वाचायचं,
बाकीवर नजर गेलीच तर विसरायचं.
विसरणं सोडून सगळं शिकले.

एकदा विस्कॉन्सिनहून आलं:
नेद्रे ब्राटलीच्या ओलेच्या मुलीला.
नेद्रे ब्राटलीवर आता पेट्रोल पंप आहे.
साहेब म्हणाले, परत पाठव.
परत कुठे? पाठवणाऱ्यानं स्वतःचं नावही लिहिलं नव्हतं.
मग जेवणाच्या सुट्टीत मी चर्चची दप्तरं उघडली,
बाप्तिस्मा, देवी टोचल्याची तारीख, लग्न, माती,
आणि तीन आठवड्यांनी एका बेकरीत
त्या मुलीच्या नातीच्या पिठाळ हातात पत्र ठेवलं.
तिनं वाचलं. घडी केली. गल्ल्याखाली सारलं.
मला दालचिनीचा एक पाव दिला, पैसे घेतले नाहीत.
ती माझी पहिली फी.

टेबल बंद झालं तेव्हा मी पाटी लावली:
सिन्नोवे ओरहाउग, वंशशोध.
नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
मी विचारते, तासाच्या दराने.
येणाऱ्याला बहुधा राजा हवा असतो,
नाहीतर निदान जहाजाचा कप्तान.
मी म्हणते, आधी आजीचं माहेर सांगा.
तिथेच गाडी अडते.

मिनेसोटाचे वेंडल तोर्गेर्सन, निवृत्त दंतवैद्य,
यांनी पाच पूर्वज पाठवले, टंकलिखित, रंगीत रेघा मारून:
पेदेर होव्दे, पेदेर लीएन, पेदेर स्वेएन,
पेदेर मोएन, पेदेर बाक्के.
एकाच खोऱ्यातली पाच शेतं. केवढं खानदान!
प्रत्येक शेतावर त्यांना पितळी पट्टी लावायची होती.

आमच्याकडे जुन्या काळी माणूस राहील त्या शेताचं नाव लावायचा.
शेत बदललं की आडनाव बदललं, सदरा बदलावा तसं.
पाचही पेदेर एकाच दिवशी जन्मलेले.
होव्देला देवी टोचली, लीएनला ताप आला,
स्वेएनला धर्मपाठ झाला: "वाचन बरं".
एका वर्षी दोन ठिकाणी कधीच नाहीत.
तेव्हा मी गरिबांची वही मागवली.

लोक वार लावून जेवतात ना, तसंच,
फक्त इथे वार नव्हते, आठवडे होते.
मोठ्या शेतावर चार, लहानावर एक,
मग पुढच्या उंबऱ्यावर.
आई-बाप या रकान्यात रेघ.
कपडे: सदरा एक. बूट नाहीत.
शेरा: शांत आहे. खातो जास्त.

खातो जास्त.
ही दोन अक्षरं मी त्या दिवशी उतरवून घेतली नाहीत.
वही मिटली, बाहेर जाऊन उभी राहिले,
परत आत आले, मग उतरवली.

फोनवर सांगितलं: पाच नाहीत. एकच आहे.
नऊ वर्षांचा.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मागे कुठेतरी भांडी धुतल्याचा आवाज.
मला वाटलं आता फीचं विचारणार.
त्यांनी विचारलं, होव्देहून लीएन किती लांब?

चाळीस मिनिटं, मी म्हटलं.
फेब्रुवारीत. माझ्या पायात बूट होते.

बिलात बासष्ट तास लावले, टपालखर्च वेगळा.
चालण्याचे लावले नाहीत.